दयाराम विमानावर लागला

केकीशेटचं बोट नकाशावर फिरत फिरत चौलवर येऊन थांबलं, आणि दयारामच्या हातातली पेन्सिल वहीतला आकडा अर्धवट सोडून थांबली. बोट जाड होतं, नखात इंजिनाचं तेल होतं, आणि त्याच्याखाली चौल, रेवदंडा, नागाव आणि वर थोडा समुद्र असा बराच मुलूख झाकला गेला होता. तरी ते ठेवलं आहे चौलवरच, याबद्दल दयारामला शंका उरली नाही. आपल्या गावावर कोणी बोट ठेवलं की माणसाला ते आधी पोटात कळतं. "दयाराम," केकीशेट म्हणाला, "टुझा गाम हाच ने?" दयाराम हो म्हणाला. नाही म्हणायला तीन वर्षं उशीर झाला होता. नोकरीच्या अर्जावर गावाचं नाव त्याने स्वतःच वळणदार अक्षरात लिहिलं होतं. "किनारा कसा हाय? सपाट?" "सपाट, शेट." "वाळू नरम?" "ओहोटीला भरलेली बैलगाडी जाते, चाक रुतत नाही," दयाराम बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला वाटलं, की जीभ ही वस्तू क्लबात येताना छत्रीसारखी दाराबाहेर ठेवायची सोय हवी होती. "बस टर!" केकीशेटने नकाशावर थाप मारली. "रविवारी जाऊ. टू पुडे बसजे, मला जागा दाखवजे."

सन एकोणीसशे बत्तीसच्या त्या थंडीत जुहूच्या उडण्याच्या क्लबात किनाऱ्यावर उतरण्याची साथ आली होती. आधी एक सॉलिसिटर अलिबागेला उतरला, तळलेली सुरमई खाऊन परत आला, आणि ती सुरमई त्याने पुढे महिनाभर क्लबात सर्वांना तोंडाने वाढली. मग एका दंतवैद्याने भांडुपच्या मिठागरात विमान घातलं आणि आपण मिठागराची पाहणी करायलाच गेलो होतो असं सांगितलं. त्याच्या बुटातून मीठ पडत होतं, त्यामुळे कोणाला अविश्वास दाखवता येईना. एका बाईंनी विमान चालवण्याचं लायसन मिळवलं, आणि तेव्हापासून पुरुष मेंबर वर जाण्याआधी भांग पाडू लागले. केकीशेटचं वय पन्नास, पोट त्याच मानाने, आणि त्याने नुकतंच स्वतःचं विमान घेतलं होतं. विमान जुनंच होतं, दोन माणसांचं, वरून उघडं, कापडी पंखांचं, हळदीसारखं पिवळं. केकीशेट त्याला 'डीकरी', म्हणजे लेक, म्हणे. डीकरीला घेऊन कोणीही न उतरलेल्या किनाऱ्यावर उतरायचं, एवढी एकच इच्छा त्याच्या आयुष्यात आता उरली होती, आणि ती दयारामच्या गावावर येऊन पडली होती.

दयाराम क्लबाची वही लिहीत असे. वहीत चार घरं होती: चालविणार, बसणार, वर गेले, खाली आले. चालविणाराचं नाव, बसणाराचं नाव, वर गेल्याची वेळ, खाली आल्याची वेळ. वर आणि खाली यांच्या मधे माणसाचं काय होतं, यासाठी वहीत घर नव्हतं. तीन वर्षांत त्याने हजारेक माणसं वर पाठवून खाली उतरवून घेतली होती, आणि स्वतः एकदाही वर गेला नव्हता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारल्याबद्दल तो मनातून सर्वांचा आभारी होता. आता विचारलं होतं, आणि तेही चौलला जाण्यासाठी. चौल सोडून पृथ्वीच्या पाठीवर कुठेही तो मुकाट्याने पडून मरायला गेला असता.

एक वाट होती. केकीशेटने विचारलं, "रविवारी ओहोटी केव्वा?" आणि दयारामने सवयीने बोटांची पेरं मोजली. रविवारी माघ वद्य अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते; आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला. हे गणित त्याच्या बापाने त्याला मिठागराच्या बांधावर बसवून शिकवलं होतं, पाढ्यांच्याही आधी. आता नुसतं भरती बाराला म्हटलं असतं की काम झालं असतं. केकीशेटला अष्टमी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. दयारामने तोंड उघडलं. बापाचा चेहरा आठवला नाही, फक्त गुडघ्यापर्यंत पांढरे झालेले त्याचे पाय आठवले. "ओहोटी बाराला, शेट," तो म्हणाला. माणसांच्या बाबतीत तीन वर्षं एक खोटं सांभाळलेल्या माणसाला समुद्राच्या बाबतीत एक मिनिट खोटं बोलता आलं नाही, याचं त्याला त्या दिवशी घरी जाताना वाईटही वाटलं आणि थोडा अभिमानही.

ते खोटंसुद्धा तसं त्याचं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा त्याने घरी कार्ड टाकलं होतं, आणि त्यात लिहिलं होतं, 'विमानांवर लागलो.' यात वावगं काय होतं? गावाकडचा माणूस मुंबईत गिरणीत लागतो, गोदीत लागतो, बोटीवर लागतो. बोटीवर लागलेला माणूस बोट चालवत नाही, भटारखान्यात कांदे सोलतो, हे चौलला चांगलं माहीत होतं, कारण दर चार घरांत एकजण बोटीवर होता. पण विमानावर कांदे सोलायला जागा कुठली, इतका पुढचा विचार गावाने केला. कोंडाजी पोस्टाची कार्डं वाटत असे आणि वाटताना मोठ्याने वाचूनही दाखवत असे. त्याने ते कार्ड पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत वाचलं. शेवटच्या घरी पोचेपर्यंत दयाराम विमान हाकत होता. चौलात विमानाला इमान म्हणतात, आणि इमानालाही इमानच म्हणतात, त्यामुळे दयारामच्या इमानाविषयी बोलणं निघालं की त्याला नेमकी कशाची लाज वाटते हे त्याचं त्यालाही कळत नसे. शिमग्याला तो गावी गेला तेव्हा माणसं भोवती बसली. "वर कसं वाटतं रं?" "गारठा असतो." "भ्या न्हाय वाटत?" "सवय होते." "खालचं दिसतं?" "घरं काड्याच्या पेटीएवढी." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, क्लबात येणाऱ्या मेंबरांच्या तोंडून ती रोज पडत. फक्त ती त्याची नव्हती. परळच्या खोलीत त्याची बायको राही म्हणे, "तुम्ही उडता ते फकस्त चौलात. हितं तर जिना चढताना धापा टाकता."

हेही चाललं असतं. माणसाला गावात थोडं मोठं असायला हरकत नसते. पण आईचं कळलं, तेव्हापासून ते चालेना. किनाऱ्याच्या बाजूने एखादं विमान दक्षिणेकडे निघालं की त्याची आई आवडाबाई हातातलं काम टाकून अंगणात येई आणि पदर हलवी. विमान निघून जाई. मग ती शेजारणींना सांगे, "आज घाईत हाय. उतराय जमलं नसंल." हे कोंडाजीने त्याला मोठ्या कौतुकाने पत्रातून कळवलं होतं. त्यानंतर वहीत कोणाच्या नावापुढे 'अलिबागेकडे' असं लिहिताना दयारामची पेन्सिल जड होई. सॉलिसिटर सुरमई खायला चालला आहे, आणि खाली एक म्हातारी त्याला पदर हलवते आहे. तीन वर्षांत तिने किती परक्या माणसांना पदर हलवला याचा हिशेब त्याच्या वहीतूनच निघाला असता. तो त्याने काढला नाही. आता रविवारी सगळं गाव बघेल, की हाकणारा वेगळाच आहे आणि आपला दयाराम नुसता बसून आला आहे. त्याला स्वतःच्या फजितीचं फार नव्हतं. पण त्या क्षणी आईचा पदर कुठे असेल, हे त्याला डोळ्यांपुढे आणवेना.

रविवारी सकाळी त्याला कातडी टोपी चढवण्यात आली, डोळ्यांवर चष्मा आला, आणि पुढच्या भोकात त्याला खुंटीसारखं ठोकून बसवण्यात आलं. त्या विमानात बसणारा पुढे आणि चालवणारा मागे अशी रीत होती. पुढच्या जागेतला चालवायचा दांडा काढून ठेवला होता, कारण घाबरलेला माणूस मिळेल ते धरतो. दयारामच्या कानापाशी एक रबरी नळी होती. तिच्यातून मागून केकीशेटचा आवाज येई, आकाशवाणीसारखा, पण पारशी. जाण्याआधी दयारामने स्वतःच्या हाताने वही लिहिली होती. बसणार: दयाराम. ते नाव त्या घरात त्याला परक्याचं वाटलं. मग डीकरी धावली, हादरली, आणि एकाएकी हादरायची थांबली. खाली जे होतं ते खालीच राहिलं. "दयाराम, जीवटा हाय ने?" नळी म्हणाली. जिवंत होता. इतकंच नव्हे, तर त्याला एक विलक्षण गोष्ट जाणवत होती: वर खरंच गारठा होता. घरं खरंच काड्याच्या पेटीएवढी होती. तीन वर्षं उसनी वापरलेली वाक्यं एकेक करून त्याच्या मालकीची होत होती, आणि त्याला हसू येत होतं, आणि हसण्यासाठी तोंड उघडलं की त्यात सगळं आकाश शिरत होतं. डावीकडे बंदर गेलं, रेवसची बोट गेली, तिच्यावर माणसं मोहरीसारखी पसरली होती. मग मिठागरं आली. बापाचं आयुष्य ज्यात गेलं ते चौकोन वरून बघताना आरशाच्या तुकड्यांसारखे होते, आणि प्रत्येक तुकड्यातून एक पिवळं पाखरू पळत होतं. हे बापाला कोणीतरी सांगायला हवं होतं, असं त्याला वाटलं. खाली उभं राहून ते नुसतं खारं पाणी दिसे.

केकीशेटच्या सांगण्यावरून कोंडाजीला त्याने कार्डात कळवलं होतं: किनारा मोकळा ठेवावा, वारा कळण्यासाठी धूर करावा. धूर इतका केला होता, की आग लागली म्हणून थळहूनही माणसं आली असावीत. ओहोटीचं पाणी हटून ओली वाळू पाटासारखी पडली होती. "हिकडून, सुरूच्या झाडांपासून तिकडं," दयाराम नळीत ओरडला, आणि डीकरी एकदा टेकली, उसळली, पुन्हा टेकली आणि चौलच्या वाळूवर धावत जाऊन सभ्यपणे उभी राहिली. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता झाली तिच्यात समुद्र आणि माणसं दोन्ही एकदम ऐकू आली. माणसं धावत येत होती. दयारामने चष्मा वर केला आणि मनात वाक्य जुळवलं: हे केकीशेट, विमान यांचं, चालवतात हेच. वाक्य तयार होतं. पण तेवढ्यात कोंडाजीने झेंडूचा हार त्याच्या गळ्यात घातला, मागच्या जागेपाशी जाऊन केकीशेटच्या हातात नारळ दिला आणि विचारलं, "शेट, वाटंत तरास न्हाय ना झाला? आमच्या दयारामानं नीट आणलं ना?" केकीशेटचे कान इंजिनाने भरले होते. त्याला दयाराम आणि नीट एवढेच शब्द पोचले. "फर्स्टक्लास!" तो म्हणाला. "दयाराम एकडम फर्स्टक्लास!"

दयारामला आधी कळेना. मग गर्दीतून बुधाजी गाडीवान पुढे आला. त्याने विमानाभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायाने ढोसलं, पंख्याला हात न लावता हात लावल्यासारखं केलं आणि निकाल दिला. "पुढं बसतो तो हाकणारा. मागं बसतो तो शेट. टांगा घ्या न्हायतर इमान घ्या." गावाने माना डोलावल्या. इतकं सरळ होतं. तीन वर्षं ज्या क्षणाला तो भीत होता तो क्षण आला होता आणि हार घालून निघून गेला होता. दयारामची भीती गेली, आणि गेल्याबरोबर तिच्या जागी काहीतरी दुसरं येऊन बसलं, जे भीतीपेक्षा हलकं होतं आणि तिच्यापेक्षा जास्त टोचत होतं. कारण गर्दीच्या कडेला आवडाबाई उभी होती. ती पुढे आली नव्हती. ती नुसती बघत होती, आणि पदर दोन्ही हातांत धरला होता, हलवायची गरज उरली नसल्यामुळे त्याचं काय करावं हे न सुचल्यासारखा.

"टुझी आई?" केकीशेटने विचारलं. पोट सावरत तो खाली उतरला होता आणि नारळाकडे प्रेमाने बघत होता. "माजी, बसते काय? एक चक्कर! पानी येईपरेंत टाईम हाय." बायका खिदळल्या. आवडाबाई विमानाजवळ आली. तिने पिवळ्या कापडावर हात ठेवला, गाय घेताना ठेवतात तसा. "दयाराम हाकत आसंल तं बसते," ती म्हणाली.

जागा दोनच होत्या. म्हणजे आता एक तर आईला मागे बसवून त्याने विमान हाकायला हवं होतं, नाहीतर तोंड उघडायला. गावाने वाट करून दिली. केकीशेट नारळ कानाशी हलवून बघण्यात गुंग होता. दयारामला एकाएकी फार बरं वाटलं. निवड इतकी सोपी त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. "आये," तो म्हणाला, "मी हाकत न्हाय. कधीच न्हाय हाकलं. शेट हाकतात. मागं बसून." मग बुधाजी हसला. "मागं बसून? मागं बसून फकस्त ढकलता येतं." "का? होडीचं सुकाण मागं नसतं?" दयाराम म्हणाला. बुधाजीने क्षणभर विचार केला. "होडी पाण्यात चालते. ह्याला चाकं हायेत. चाकं हायेत म्हंजे गाडी." यावर पुन्हा माना डोलल्या. कोंडाजी दयारामच्या कानाशी लागला, पण त्याचा कानाशी लागण्याचा आवाजही अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा होता. "मालक उभा हाय म्हणून बोलतोस, समजलं रं. पगार त्याच्या हातचा. पर एवढा मान नको देऊस, आपली मानसं हायेत." "कोंडाजीबुवा, खरंच न्हाय हाकत!" "व्हय, व्हय. न्हाय हाकत," कोंडाजी म्हणाला, आणि गर्दीकडे वळून त्याने एक डोळा मिटला. खोटं त्याने न बोलता खपलं होतं, आणि खरं ओरडून खपत नव्हतं.

आवडाबाई मात्र हसली नव्हती. ती मुलाकडे बघत होती. शाळेत हजर होतास का, असं विचारून ती लहानपणी बघत असे, तसं. "मंग तू काय करतोस थितं?" तिने विचारलं, हळू. "वर कधी गेले, खाली कधी आले, ते लिवतो." "सगळ्यांचं?" "सगळ्यांचं." तिने थोडा वेळ समुद्राकडे पाहिलं. पदर हलवलेली सगळी विमानं तिच्या डोळ्यांपुढून गेली असतील तर तिने ती निमूटपणे जाऊ दिली. मग तिने पदर खोचला, दोन वेळा, घट्ट. "मंग लिव," ती म्हणाली. "मी चालले."

तिला टोपी घालायला तिघीजणी लागल्या. अंबाड्यासाठी टोपीत जागा नव्हती. केकीशेट मागे चढला, आणि डीकरी आवडाबाईला पुढे घालून वाळूवरून धावत सुटली. दयारामने खिशातून कागद काढला. चालविणार: केकीशेट. बसणार: आवडाबाई. वर गेले: बारा वाजून दहा मिनिटं. आकडे त्याने नेहमीसारखेच लिहिले. हजार माणसं त्याने अशी वर पाठवली होती आणि त्यांतल्या एकाच्याही परत येण्याची त्याने अशी वाट पाहिली नव्हती. वहीला चार घरांत भागतं, कारण ती लिहिणाऱ्याची आई सहसा विमानात नसते. पिवळा ठिपका रेवदंड्याच्या किल्ल्यामागे गेला. आवाजही गेला. बायका मनातल्या मनात देवाला काहीबाही कबूल करू लागल्या. मग ठिपका कुंडलिकेच्या खाडीवरून वळून आला, मोठा झाला, आणि वरून घराच्या दिशेने काहीतरी हलताना दिसलं. लुगड्याचा पदर होता. खोचलेला सुटला होता. अंगणात या वेळी कोणीच नव्हतं, पण ती हलवत होती.

बारा बावीसला आवडाबाई खाली आली. डोळे लाल होते, केस वाऱ्याने चारी दिशांना गेले होते, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, की पुढे झालेले हात क्षणभर तसेच राहिले. मग दयारामच्या ध्यानात आलं की सगळी माणसं आईकडे नव्हे तर बुधाजीकडे बघत आहेत. ती पुढे बसून आली होती. केकीशेट मागे होता. बुधाजीने विमानाकडे पाहिलं, आवडाबाईकडे पाहिलं, घसा साफ केला. पण तीस वर्षं गाडी हाकलेला माणूस घटकेपूर्वी दिलेला निकाल असा फिरवत नाही. "आवडाकाकी," तो म्हणाला, "तू हाकलंस?" आता एक शब्द पुरेसा होता. मी नुसती बसले, एवढं ती म्हणाली असती की तीन वर्षांचं भूत उतरलं असतं, आणि दयाराम कारकून म्हणून मोकळा झाला असता. तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. आवडाबाईने टोपी काढली, केकीशेटच्या हातात दिली, आणि सावकाश अंबाडा वळला. "वळताना वाईच जड जातं," ती म्हणाली.

गाव ओरडलं. कोंडाजीने दुसरा हार आणायला माणूस पिटाळला. दयाराम हातात पेन्सिल धरून उभा होता आणि त्याला कळत होतं, की न बोलता खपवण्याची आपली विद्या आपण परळला किंवा क्लबात शिकलेलो नाही. आई त्याच्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर दोघांनाही हसू आवरलं नसतं.

पाणी चढू लागलं तेव्हा निघावं लागलं. दयाराम पुन्हा पुढच्या भोकात बसला. आता तिथे बसण्याविषयी गावाचं काही म्हणणं नव्हतं, कारण आई-मुलाचा तो घरचाच धंदा ठरला होता. बुधाजीने जवळ येऊन बजावलं, "वळनाचं आयशीला इचारून घेतलंस ना?" इंजिन सुरू झालं. आवडाबाई वाऱ्यात पुढे आली, पंखाच्या कडेला एका हाताने धरून तिने तोंड वर केलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा बेताने ओरडली, "दयाराम! सावकाश हाक रं!" तिला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. "व्हय, आये!" तो ओरडला, आणि हा होकार देताना त्याला जराही लाज वाटली नाही. वाळू मागे पळू लागली. हादरे थांबले, आणि नळीतून आवाज आला, "काय म्हनते टुझी आई?"

"सावकाश हाक म्हणते, शेट."

"कोनाला?"

दयारामने खाली पाहिलं. तिच्या हातात पदर होता आणि ती तो हलवत होती, योग्य माणसाला.

"आपल्याला," तो म्हणाला.